हात न लावता तुटलेला पाटा : क्रॉसबोच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

पुतण्या शाळेत इतिहास शिकवतो. जानेवारीत त्यांच्याकडं प्रदर्शन आहे आणि नववीच्या पोरांनी मध्ययुगीन युरोपातला किल्ला करायला घेतलाय. त्याला हवा होता पुठ्ठ्याचा क्रॉसबो. "काका, नुसता दिसला म्हणजे झालं." चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला पुठ्ठा कापायला सांगतोय. मीच बोलून बसलो की खरा करू, पोलादी पाट्याचा. दोरी ओढली तर ओढली जाईल असा.

क्रॉसबो म्हणजे लाकडी दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागं ओढून एका खाचेच्या गोल नटात अडकवायची, नटाखाली चाप. ओढणं आणि नेम धरणं ही दोन कामं वेगळी झाली, म्हणून वर्षानुवर्षं धनुर्विद्या न शिकलेला माणूसही चिलखतवाल्या सरदाराला लोळवू लागला. ११३९ च्या लॅटरन धर्मसभेनं ख्रिश्चनांविरुद्ध तो वापरायचा नाही असं फर्मान काढलं. कुणी ऐकलं नाही. साठ वर्षांनी, ११९९ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या शाल्यूच्या किल्ल्यापुढं क्रॉसबोच्याच बाणाच्या जखमेनं गेला.

त्या काळात धनुष्याचा भाग लाकडी असे, किंवा लाकूड, शिंग आणि स्नायूतंतू चिकटवून केलेला. पोलादी पाटे युरोपात रुळले ते पंधराव्या शतकात. आपण पोलादीच करायचा. शिंग आणि स्नायू कुठून आणू? ट्रकचा पाटा मात्र उद्यमनगरात वजनावर मिळतो.

११ नोव्हेंबर

भंगारातून ट्रकच्या कमानीचा सगळ्यात लांब पाटा आणला. ७० मिमी रुंद, १० मिमी जाड. ग्राइंडरला लावून ठिणगी पाहिली. ईएन ४५ असावं, म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंगचं पोलाद.

पाट्याच्या बरोबर मध्यावर सेंटर बोल्टचं भोक असतं. ते मध्यावर धरून दस्त्याला सरळ बोल्ट मारायचा मोह होतो. तिथंच पहिली चूक होते, कारण धनुष्य ओढल्यावर सगळ्यात जास्त वाक मध्याला येतो आणि भोकाच्या काठावर ताण दुपटीच्या आसपास चढतो. जुन्या कारागिरांनी पोलादी पाट्याला भोक पाडलं नाही. अंबाडीसारख्या चिवट दोरीनं ते पाटा दस्त्याला करकचून बांधत किंवा लोखंडी पकडीत बसवत. मी भोकाच्या एका बाजूचा ७५ सेंमीचा तुकडा घेतला आणि तो मधून उभा चिरून दोन पट्ट्या काढल्या. एक कामाला, एक राखीव. चिरताना सतत पाणी सोडलं, तरी कडा निळ्या पडल्याच. त्या पुढं घासून जातील.

१७ नोव्हेंबर

लोहारमामा ऊसतोडीच्या कोयत्यांत बुडालेत. हंगाम सुरू झालाय, दारात टोळीची माणसं बसून आहेत. गंमत म्हणजे कोयतेही ट्रकच्या पाट्याचेच. रात्री आठला भाता मोकळा झाला तेव्हा आमच्या पट्ट्या आत गेल्या. मध्याला ३२ बाय ६ मिमी, टोकांना २० बाय ४, आणि टोकाशी दोरी अडकवायला वळवलेला आकडा.

घरी येऊन कानस आणि एमरी. सगळ्या रेघा लांबीच्या दिशेनं जातील असं घासलं. आडवी रेघ म्हणजे तडा जायला आखून दिलेली वाट. दोन्ही पट्ट्या दिसायला अगदी सारख्या, म्हणून नंबर पंचनं मध्याजवळ १ आणि २ ठोकले.

२२ नोव्हेंबर

हीट ट्रीटमेंट होऊन आली. तेलात बुडवून कडक केलेली, मग टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला पुन्हा बेतानं तापवलेली. मी ४४ एचआरसी (रॉकवेल कडकपणाचं माप) मागितली होती, काट्यावर ४९ भरली. परत टेम्पर करून घेता आली असती. पण रिक्षाचे दोनशे आणि आणखी चार दिवस कोण घालवणार? थोडी कडक आहे, म्हणजे वाकून बसणार नाही, असं मनाशी म्हटलं आणि घेऊन आलो.

२६ नोव्हेंबर

दस्त्याला अजून हात लावलेला नाही. आधी ओढून बघायची चौकट केली.

शेडच्या मागच्या भिंतीला सी-चॅनल उभं केलं. पाटा त्यावर दोन लाकडी ठोकळ्यांत पकडायचा, मधे चामडं. दोरीला आकडा, आकड्याला लटकता डिजिटल काटा, काट्याला चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी. चेनचं टोक भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलं. ओढणारा शेडच्या बाहेर उभा राहतो, काट्याचा आकडा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून वाचतो. पाट्याच्या पुढं आणि दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लायवूड, त्यावर आतून जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे. वर पॉलिकार्बोनेट. काचेसारखं दिसतं म्हणून काहीजण ॲक्रिलिक लावतात, पण ॲक्रिलिकचे स्वतःचेच सुरे होतात.

सौ. दारात येऊन बघून गेल्या. "पाळणा बांधताय का पिंजरा?"

हिशेब असा. दोरी १५ सेंमी मागं, ताकद ६० किलो, असं धरलं तर मध्यावर येणारा ताण या कडकपणाच्या पोलादाच्या सोसायच्या हद्दीच्या आत राहतो.  माया आहे.

२९ नोव्हेंबर

पहिली ओढ. पाटा १: दोरी ५ सेंमी मागं आली तेव्हा २२ किलो, १० ला ४१, १५ ला ६१. पाटा २ एखाद्या किलोच्या फरकानं तसाच. आलेख जवळपास सरळ रेघ, पोलादाचा असाच येतो. प्रत्येकी दहादा ओढले, सोडून सरळपट्टीला लावले. दोन्ही जिथल्या तिथं, केसभरही वाक राहिला नाही.

या ओढीत पाट्यात साधारण ४६ ज्यूल साठतात. १ किलोचं माप पावणेपाच मीटरवरून पायावर पडलं तर जे होईल, तेवढं. बाण असला तर यातला बराच भाग बाण घेऊन जातो. बाण नसताना दोरी सोडली तर सगळा हिशेब पाट्यालाच चुकवावा लागतो. म्हणून क्रॉसबो असो की साधं धनुष्य, रिकामं सोडायचं नाही. चौकटीवरही मी चेन ढिली करत करतच सोडतोय.

३ डिसेंबर

दोन्ही पाट्यांवर बोटांचे ठसे तांबूस उमटलेत. एमरी मारलेलं उघडं पोलाद, आणि माझ्या तळव्यांना घाम. फाटकाचे बोल्ट आणि बिजागऱ्या झिंकला, म्हणजे जस्ताचा मुलामा चढवायला, द्यायच्याच होत्या, त्यातच दोन्ही पाटे टाकले. प्रदर्शनात चांदीसारखे झळकतील. प्लेटिंगवाल्यानं विचारलं, "काय आहे हे?" मी म्हटलं, "पट्ट्या आहेत, शोभेच्या." त्यानं पिशवीवर खडूनं तेवढंच लिहिलं.

६ डिसेंबर

पाटे आले. खरंच देखणे झालेत, निळसर झाक आहे.

आजचा प्रयोग: पाटा ताणून ठेवला तर रात्रभरात काही वाक धरतो का. पुतण्या म्हणतो, प्रदर्शनात दिवसभर दोरी चढवलेली राहील, तेव्हा हे बघायलाच हवं. पाटा २ चौकटीत लावला. पूर्ण ओढ दिली नाही, १२ सेंमीलाच थांबलो. काटा ४९ किलो. चेन अडकवली, झाकण लावलं, सव्वानऊला शेडला कुलूप.

७ डिसेंबर

पाटा २ तुटला. रात्री अकराच्या सुमाराला एक टणत्कार झाला. सौ. म्हणाल्या मांजरानं पत्रा पाडला, मी कूस बदलली. सकाळी कुलूप काढलं तर चेन लोंबकळत होती आणि पॉलिकार्बोनेटला आतून पांढरा ओरखडा.

तुकडे दोन. पाटा मध्याच्या डावीकडं, ठोकळ्याच्या कडेपासून बोटभर आत तुटलाय. डावा तुकडा बाजूच्या प्लायवूडमध्ये टोकाकडून घुसलाय, बेल्ट फाडून. पकडीनं हलवून काढावा लागला, भोक १४ मिमी खोल. उजवा ठोकळ्यातच राहिला. दोरीचं मात्र वेगळंच झालं. एक टोक सुटलेलं, दुसऱ्यात अजून पाटा, अशी ती चेनच्या आकड्याभोवती गुंडाळत मागं आली आणि काट्याची काच फोडून गेली. क्रॉसबो हातात असता तर काटा आहे तिथं माझी हनुवटी असती.

हे लिहायच्या आधी दोन चहा झाले.

तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं. सगळं करडं, दाणेदार, ताज्या खडीसाखरेच्या मोडीसारखं चमकणारं. फक्त एका कडेला नखाएवढी अर्धगोल, जराशी काळपट, मंद जागा. त्या अर्धगोलाचा मध्य बरोबर पुढच्या पृष्ठभागावर येतो, म्हणजे ओढल्यावर ताणली जाणारी, निशाणाकडची बाजू. आणि तिथं काय आहे? मीच ठोकलेला २ चा आकडा. तडा आकड्याच्या शेपटीतून निघालाय.

दोनदा जाऊन अंगण झाडून आलो.

८ डिसेंबर

तरीही पटत नाही. आकडा २९ तारखेलाही तिथंच होता. तेव्हा ६१ किलोला दहादा ओढलं, काही झालं नाही. मग ४९ किलोला, कुणी हलवत नसताना, पावणेदोन तासांनी का तुटावा? ओढताना तुटला असता तर समजलं असतं.

थंडी? पोलाद गारठ्यात ठिसूळ होतं हे खरं. पण आमच्या डिसेंबरातल्या रात्रीला तसा गारठा म्हणायचा तर आल्प्समधले लोक हसतील.

तुकडे घेऊन लोहारमामांकडं गेलो. त्यांनी तोंडावरून अंगठा फिरवला, मग वरच्या चमकेवरून. "ह्येला चांदी लावायची काय गरज हुती?" मी म्हटलं गंज. म्हणाले, "कोयत्याला कधी लावलीय का कुणी?" मला वाटलं म्हाताऱ्याला चकचकीतपणाचाच राग. उगाच हसलो.

१० डिसेंबर

धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर ओळखीचे आहेत. त्यांनी पिशवीतून तुकडा पूर्ण काढूही दिला नाही. "कडकपणा किती?" ४९. "प्लेटिंगनंतर बेक केलं?" नाही. "तुटला तो ताणलेला, स्थिर असताना?" हो. "मग मला का विचारायला आलात?"

हायड्रोजन. प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडात बुडवतात, मग टाकीत वीज सोडतात. दोन्ही ठिकाणी पोलादाच्या अंगावर हायड्रोजन तयार होतो. बहुतेक बुडबुडे होऊन जातो, थोडा अणूंच्या रूपात आत शिरतो. सगळ्यात हलका, इवलासा अणू, त्याला पोलाद म्हणजे चाळण. आत गेल्यावर तो जिथं ताण जास्त तिथं सरकत जातो. खाच, ओरखडा, ठोकलेला आकडा. तिथं पुरेसा साठला की तडा चिमूटभर पुढं जातो, थांबतो, पुन्हा हायड्रोजन गोळा होतो, पुन्हा पुढं. कुणी हलवायची गरज नाही, नुसता ताण टिकून राहिला पाहिजे. म्हणून तासांनी किंवा दिवसांनी तुटतं. मऊ पोलादाला याचं फारसं काही होत नाही. माझे फाटकाचे बोल्ट त्याच टाकीतून येऊन ठणठणीत आहेत. साधारण ४० एचआरसीच्या वर गेलं की धोका चढत जातो. मी ४९ वर बसलो होतो, आणि ती पाच अंकांची वाढ फुकट मिळाली म्हणून खूश होतो.

आता मन खाणारी गोष्ट. १२.९ ग्रेडच्या, म्हणजे फार कडक, ॲलन बोल्टला झिंक करायचं नाही, हे मी टूलरूममध्ये पोरांना बोर्डवर लिहून शिकवलंय. साच्यावरच्या बोल्टचं डोकं रात्रीत उडून पडलेलं दाखवलंय. कारण हेच, याच शब्दांत. पण समोर बोल्ट नव्हता, 'धनुष्य' होतं, आणि डोक्यात किल्ला, राजा रिचर्ड आणि प्रदर्शन. प्लेटिंगवाल्याचा काडीइतका दोष नाही. त्यानं विचारलं होतं, मी शोभेच्या पट्ट्या म्हणालो.

लोहारमामांना फोन करून सांगितलं, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "कशाचं?"

१२ डिसेंबर

सरांवर विश्वास आहे, पण डोळ्यांनी बघायचंय. त्याच ट्रकच्या पाट्याच्या उरलेल्या तुकड्यातून १५ मिमी रुंद तीन पट्ट्या काढल्या, पाट्यांसारख्याच ४९ पर्यंत कडक करून घेतल्या. प्रत्येकीला मधोमध त्रिकोणी कानशीची सारखी खाच. अ: उघडी. ब: झिंक, तशीच. क: झिंक, आणि टाकीतून निघाल्यावर तासाभरात भट्टीत. उष्णतेनं हायड्रोजन बाहेर निघून जातो. साधारण १९० ते २२० अंश, काही तास ते चोवीस तास, आणि प्लेटिंगनंतर लवकरात लवकर. एकदा तडा सुरू झाला की भाजून काही सांधत नाही.

भट्टी कुठली? पावडर कोटिंगची. तीही २०० अंशांच्या आसपासच चालते. दुकानदारानं सकाळच्या पाळीला कोपऱ्यात टांगू दिली, आठ तास. झिंकला काही होत नाही, ते वितळतं ४१९ ला. घरच्या ओव्हनकडं मी नुसतं बघितलं होतं, तेवढ्यानं घरात काय ते कळलं.

तिन्ही पट्ट्या बोल्टनं सारख्याच वाकवून लाकडी खोक्यात ठेवल्या, झाकण लावून. संध्याकाळी सहा वाजता.

१३ डिसेंबर

ब रात्रीच गेली. आवाज मीच ऐकला, बारा वाजून दहा मिनिटं. या वेळी जागा होतो.

२० डिसेंबर

अ आणि क आठ दिवसांनीही तशाच ताणलेल्या. तीन पट्ट्यांवरून कुणी पेपर लिहीत नाही. मला माझ्या शेडपुरतं पुरे आहे.

पाटा १ उरतो. दिसायला झकास, झिंकचा, न तुटलेला. पुतण्या म्हणतो, आता भाजून घेऊ. सतरा दिवसांनी? मध्ये मी तो पाहुण्यांना दाखवायला दोनदा हातानं वाकवलाय. आत काय झालंय ते दिसत नाही. डाय पेनिट्रंट (तडे उठून दिसावेत म्हणून मारायचा रंग) मारून बघितलं असतं, पण ते पृष्ठभागापर्यंत आलेलाच तडा दाखवतं, आणि वर झिंकचा थर. चांगला आहे असं सिद्ध करता येत नाही तो पाटा माणसाच्या तोंडापुढं लावायचा नाही. ग्राइंडरनं तीन तुकडे केले, म्हणजे कुणी भंगारातून उचलून आणणार नाही.

२३ डिसेंबर

पुतण्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी विचारलं, आमच्या तिरंदाजीच्या धनुष्यांनाही हा धोका आहे का? ती फायबरची. त्यांचं दुखणं वेगळं. काचतंतूंची पाती आधी बोलतात: कडेला पांढुरके डाग, उभी बारीक चीर, ओढताना चरचर, ताकद दोनचार किलोनं उतरलेली. पातीवरून कापसाचा बोळा फिरवायचा, तंतू उठला असेल तर कापूस अडकतो. उघडं बोट फिरवायचं नाही, कुसळ निघता निघत नाही. गाडीत उन्हात राहिलेलं आणि एकदा रिकामं सुटलेलं धनुष्य तपासल्याशिवाय पोराच्या हातात द्यायचं नाही. क्रीडाशिक्षक म्हणाले, रिकामं सुटल्याचं पोरं सांगतच नाहीत. हे खरं अवघड आहे.

पोलाद यातलं काही करत नाही. चरचरत नाही, पांढरं पडत नाही. पाटा २ सव्वानऊला जितका निरोगी दिसत होता तितकाच अकराला पाच मिनिटं कमी असताना दिसत असणार.

२८ डिसेंबर

पाटा ३. नवीन तुकडा, भोकापासून लांबचा. फरक असे केले. ताकद ६० वरून ४० किलोवर आणली, ओढ १४ सेंमी. प्रदर्शनाला कुणी चिलखत भेदणार नाहीय. कडकपणा ४३, आणि या वेळी काट्यावर बघितल्याशिवाय दुकानातून हललो नाही. पंच नाही. नंबर तेलरंगानं, तोही टोकाजवळ आतल्या बाजूला. कडा गोल केल्या. गंजाला जवसाचं तेल: पाटा हाताला चटका बसेल इतका तापवून तेलाचा बोळा, चार हात. टेम्पर उतरण्याइतकी उष्णता लागत नाही. काळा, मंद, लोहाराच्या घरचा दिसतो. मामांनी पाहिला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत आहे.

त्यावर आणखी एक थर, हा सुरक्षेसाठी: मध्यापासून टोकांपर्यंत सुती पट्टी सरसात भिजवून घट्ट गुंडाळली. पाटा तुटायचा थांबणार नाही, पण तुकडे एकमेकांना धरून राहतील. जुन्या संमिश्र पाट्यांवर कातडं किंवा भूर्जाची साल असे ती दमटपणापासून सरस वाचवायला. माझं कारण वेगळं, दिसणं मात्र तेच आलं.

३१ डिसेंबर

पाटा दस्त्याला बांधला. दिवसभर लागला. अंबाडीची दोरी भिजवून दस्त्यातल्या आडव्या भोकातून आणि पाट्यावरून अकरा फेरे, मग त्या फेऱ्यांनाच आडव्या दोरीनं मधे आवळलं. वाळल्यावर जी पकड बसली ती बोल्टनं आली नसती, शिवाय झटका थोडा गिळते. पाटा आणि लाकडाच्या मधे चामड्याचा तुकडा.

काम करताना त्या इंग्रज सरदाराची आठवण येत होती, सर राल्फ पेन-गॉलवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं जिनोआचा एक जुना पोलादी क्रॉसबो दुरुस्त केला. ओढ १२०० पौंड, म्हणजे ५४४ किलो. दोरी मागं यायची जेमतेम ७ इंच, तीही रहाटानं. त्यातून मेनाय सामुद्रधुनीच्या पलीकडं, ४०० यार्डांहून लांब, बाण टाकले. माझ्या हिशेबानं त्या पाट्यात पावणेपाचशे ज्यूल साठत असणार, माझ्या आधीच्या पाट्याच्या दहापट. आणि शतकांपूर्वीच्या कुणा लोहारानं पोटात काय ठेवलंय हे न दिसता हा गृहस्थ त्याच्या मागं उभा. मी वाचताना पूर्वी बाणाचं अंतर बघायचो.

५ जानेवारी

पाटा ३ पुन्हा चौकटीत, दस्त्यासकट. १४ सेंमीला ३९ किलो. एकदाच १६ पर्यंत नेला, ४५ किलो, आणि परत. ठरलेल्या ओढीला ४८ तास ताणून ठेवला, कुलपात. तिसऱ्या दिवशी सरळपट्टीला लावला: दोन्ही टोकांत मिळून अर्धा मिमी वाक, गुंडाळलेल्या पट्टीच्या जाडीतला फरक असू शकतो. मग शंभरदा ओढला. साठाव्याला पुतण्या कंटाळला, चेन मी घेतली.

चष्मा दोघांनाही, बाहेर असूनही. आणि पाट्याच्या सरळ रेषेत दाराच्या आतबाहेर कुणी उभं राहायचं नाही. तुकडे कुठं जातात ते प्लायवूडवर लिहिलेलं आहे.

११ जानेवारी

मुख्याध्यापिकाबाई शेडमध्ये येऊन गेल्या. सगळं ऐकलं, प्लायवूडमधल्या भोकात बोट घालून बघितलं. निर्णय त्यांनी दोन मिनिटांत दिला: क्रॉसबो मांडायचा, दोरी उतरवलेली, काचेच्या पेटीत, चावी त्यांच्याकडं. बाण आणायचाच नाही. ओढून दाखवायचं असेल तर चौकटीचा व्हिडिओ पडद्यावर. पुतण्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, आणि ते का हे त्याला सांगत बसलो नाही.

बाईंनी तुटलेले तुकडेही मागितले. शेजारी भिंग ठेवायचं, पोरांनी तो अर्धगोल स्वतः शोधायचा. तुकड्यांच्या कडा ब्लेडसारख्या आहेत. उद्या त्यांना इपॉक्सीत बसवायचंय.

१४ जानेवारी

इपॉक्सी चिकट राहिलं, हार्डनर कमी पडला. खरवडून पुन्हा ओतलं. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या पोरानं विचारलं, हे दोन वेगळे पाटे आहेत का? एकच होता म्हटलं. त्यानं दोन्ही तुकडे जुळवून बघितले, बरोबर बसले, फक्त २ च्या शेपटीशी केसाएवढी फट राहते.

दोरीचा मधला भाग शंभर ओढींत झिजलाय, तिथला वेढा बदलायचा. डॅक्रॉनचा, म्हणजे पॉलिस्टरचा, धागा आहे, मेण संपलंय. काट्याची काच पावणेतीनशे सांगतायत.